तुम्ही विचारलंत म्हणून: बशीवर डच खूण, पण राहत कोण होतं?

जुन्या बंदरांतल्या उत्खननांचा विषय निघाला की हा प्रश्न हमखास येतो: जमिनीतून तंबाखू ओढायचा डच पाइप निघाला, डच कंपनीच्या खुणेची बशी निघाली, म्हणजे तिथे डच राहत होते असं धरायचं का?

नाही. माल बंदरात उतरतो आणि पाय फुटल्यासारखा गावभर जातो. वस्तू कुठे बनली यापेक्षा ती कशी वापरली, कुठे टाकली आणि तिच्यासोबत आणखी काय पडलं होतं, हे आधी पाहावं लागतं.

नागासाकीतलं देजिमा घ्या. १६३४ ते १६३६ या काळात समुद्रात भर घालून पंख्याच्या आकाराचं हे बेट बांधलं, ते पोर्तुगीजांसाठी. १६३९ मध्ये पोर्तुगीजांना देशाबाहेर काढलं आणि १६४१ मध्ये जपानमधल्याच हिरादो बंदरातली डच वखार इथे हलवली. पुढची दोनशेहून जास्त वर्षं डच इथेच होते. १९०४ पर्यंत बंदराच्या कामात भोवतालचा समुद्रच बुजला, त्यामुळे बेटाची कड कुठे होती हे जमिनीखालच्या दगडी बांधावरून शोधावं लागलं.

इथल्या चिनी मातीच्या निळ्या-पांढऱ्या बशांवर डच ईस्ट इंडिया कंपनीची एकात एक गुंफलेली तीन अक्षरं, व्हीओसी, दिसतात. पण या बशा हॉलंडच्या नाहीत, जपानमधल्याच आरिता भागातल्या भट्ट्यांच्या आहेत. चीनमधल्या सत्तांतराच्या धामधुमीत तिथला पुरवठा आटला, तेव्हा कंपनीने १६५९ मध्ये आरिताकडे पहिली मोठी मागणी नोंदवली. त्यामुळे अशी बशी कंपनीच्या लोकांच्या पानातली असू शकते किंवा निर्यातीच्या खोक्यात फुटलेली. तिरप्या उजेडात भिंगाखाली धरा. सुरीचे बारीक ओरखडे आणि बुडाची घासलेली कड असेल, तर ती जेवणात होती. चकाकी अखंड असेल आणि त्याच नक्षीचे पाच-दहा तुकडे एकत्र पडलेले असतील, तर तो गोदामातला फुटका माल. अहवालांत हा भेद अनेकदा नोंदवलाच जात नाही, आणि मग मोजणीला फारसा अर्थ उरत नाही.

पाइपचं महत्त्व वेगळं. पांढऱ्या मातीचा पाइप स्वस्त, ठिसूळ, थोड्याच दिवसांत मोडणारा. म्हणून तो बनल्याच्या आणि फेकल्याच्या तारखांत फार अंतर नसतं. शिवाय जपानी माणूस धातूच्या तोटीची किसेरू नावाची चिलीम ओढायचा, त्यामुळे मातीच्या नळ्यांचा ढीग म्हणजे परक्या माणसाची बैठक, असं बऱ्यापैकी म्हणता येतं. एखादा तुकडा मात्र भेट म्हणून दुभाष्याच्या घरीही गेलेला असतो.

नळीच्या भोकावरून काळ काढायची एक पद्धत आहे. ड्रिलच्या पात्यांची मागची, गुळगुळीत बाजू भोकात घालून माप घ्यायचं, एक इंचाच्या चौसष्टाव्या भागांत. सतराव्या शतकाच्या सुरुवातीला भोक साधारण ९ भागांचं होतं, अठराव्याच्या उत्तरार्धात ते ४ वर आलं. सूत्र असं: १९३१.८५ वजा ३८.२६ गुणिले सरासरी भोक. सरासरी ६ आली तर उत्तर १७०२. फसगत इथेच होते. खड्ड्यात निम्म्या नळ्या ८ च्या आणि निम्म्या ४ च्या असल्या तरी सरासरी ६ च येते, आणि ज्या काळात तिथे कुणी पाइप ओढलाच नाही तो काळ कागदावर उतरतो. म्हणून सरासरी काढण्याआधी कुठल्या मापाच्या किती नळ्या ते मांडून पाहा; दोन उंचवटे दिसले तर सूत्र बाजूला ठेवा. दुसरं म्हणजे हे सूत्र इंग्रज पाइपांवरून बसवलेलं आहे. डच पाइपांना ते नीट लागू पडत नाही. तिथे टाचेवरची, म्हणजे पाइपच्या वाटीखालच्या उंचवट्यावरची, कारागिराची खूण पाहावी. हॉलंडमधल्या खाउडा शहराची मुद्रा टाचेच्या बाजूला दिसली, तर पाइप १७४० च्या सुमाराचा किंवा त्यानंतरचा.

हाडांचं थोडक्यात: त्या काळच्या जपानी घरांत गोमांस सहसा शिजत नसे, त्यामुळे तोडल्याच्या खुणा असलेली गुरांची हाडं बोलकी ठरतात. डोकी आणि खूर मिळाले, तर जनावर तिथेच कापलं होतं.

सगळ्यात मोठा धोका भरावाचा. किनारा बुजवायला गावाचा कचरा टाकत, म्हणजे त्यातली बशी दुसऱ्याच गल्लीतली असू शकते. कचऱ्याच्या किंवा संडासाच्या खड्ड्यातलीच वस्तू 'इथली' धरावी, भरावातली नाही. आणखी एक चूक चाळणीची: ५ मिलिमीटरच्या जाळीतून मणी आणि माशांची हाडं निसटतात, २ मिलिमीटरची लावून पाण्याखाली चाळावं. खाऱ्या मातीतलं खापर लगेच वाळवलं तर आतल्या मिठाचे खडे होऊन वरचा थर सुटतो. ते गोड्या पाण्यात ठेवून पाणी बदलत राहावं लागतं.

तारखेच्या बाबतीत हिरादो नशीबवान. तिथलं दगडी गोदाम १६३९ मध्ये उभं राहिलं. दर्शनी भागावर ख्रिस्ती सनाचं वर्ष कोरलेलं पाहून १६४० मध्ये शोगुनच्या, म्हणजे जपानच्या लष्करी शासकाच्या, दूताने ते पाडायला लावलं. पायाखालचं सगळं १६३९ च्या आधीचं, पाडापाडीचा राडारोडा १६४० चा. इतका चोख धागा क्वचितच हाती लागतो.

आपल्या वेंगुर्ल्यात डचांनी १६३७ मध्ये बस्तान बसवलं आणि तिथल्या पडक्या वखारीबद्दलही हाच प्रश्न विचारतात. तिथे दोन चर हवेत. एक भिंतीला काटकोनात, पायाच्या चरातली माती हाताशी येईल असा. बांधकाम कधीच्या आधीचं असू शकत नाही ते त्यातल्या सगळ्यात उशिराच्या खापरावरून कळतं. दुसरा मागच्या अंगाला, कचरा जिथे पडत असेल तिथे. राहत कोण होतं ते त्यातून कळेल.