तुम्ही विचारलंत म्हणून: सिम्युलेशनसाठी किती कोअरची मशीन घ्यायची?

हा प्रश्न मला सारखा येतो, आणि विचारणारा माणूस वेगळा असला तरी गोष्ट साधारण तीच असते. कंपनी छोटी, स्वतःचे पार्ट बनवणारी, दोन-तीन इंजिनीअर स्ट्रेस अ‍ॅनालिसिस करतात, मधूनमधून थोडं सीएफडी (हवा-पाण्याच्या प्रवाहाचं गणित), रन (म्हणजे एक सिम्युलेशन सोडवणं) संध्याकाळी लावून जायचं आणि सकाळी येऊन बघावं तर एकतर अजून चालूच आहे नाहीतर मध्येच मेलाय. मालक वैतागून म्हणतात नवीन मशीन घेऊन टाका एकदाची, कोटेशन मागवलं जातं, आणि मग मला फोन, की ३२ कोअर (प्रोसेसरमधले स्वतंत्र गणित करणारे भाग) पुरतील का ६४ च घेऊ?

मी म्हणतो कोटेशन राहू द्या, तुमच्या सगळ्यात जड रनची आउटपुट फाइल पाठवा. समोरच्याला वाटतं हा टाळतोय. पण खरंच, सॉल्व्हर (समीकरणं सोडवणारा प्रोग्राम) प्रत्येक रनमध्ये स्वतःहून लिहून ठेवतो की मला कशाची कमी पडली, आणि ती फाइल कुणी उघडतच नाही, सगळे थेट रंगीत चित्र बघायला जातात.

आता त्या फाइलीत बघायचं काय. ब्रॅकेट, हाउसिंग, वेल्डेड फ्रेम, बोल्ट प्रीलोड, कॉन्टॅक्ट असलं काम असेल तर आतमध्ये बहुतेक वेळा डायरेक्ट सॉल्व्हर चालतो. तो भली मोठी मॅट्रिक्स (आकड्यांचा तक्ता) फॅक्टराइज करतो, म्हणजे फोडून थेट उत्तर काढतो, ते सगळं रॅममध्ये मावलं तर इन-कोअर, नाही मावलं तर आउट-ऑफ-कोअर, म्हणजे तुकड्यातुकड्यांनी डिस्कवर लिहायचं आणि परत वाचायचं, आणि कॉन्टॅक्ट असला की हे एकदाच नाही तर जवळजवळ प्रत्येक इटरेशनला. अ‍ॅन्सिसच्या (हे सिम्युलेशनचं सॉफ्टवेअर) आउटपुटमध्ये इन-कोअरला किती मेमरी लागेल आणि आउट-ऑफ-कोअरला किती हे दोन्ही आकडे छापून येतात, अबॅकस (तसंच दुसरं सॉफ्टवेअर) डॅट फाइलमध्ये सांगतो की कमीत कमी किती मेमरी हवी आणि डिस्कची ये-जा टाळायची तर किती. यातला मोठा आकडा तुमच्या रॅमपेक्षा जास्त असेल तर कोअरची चर्चा तिथेच थांबवा, आधी रॅम.

दुसरं म्हणजे वेळ. समजा १६ कोअर लावलेत, घड्याळाप्रमाणे रन १० तास चालला, आणि सगळ्या कोअरचा मिळून सीपीयू टाइम आहे २५ तास. सगळे कोअर पूर्ण वेळ राबले असते तर तो १६० च्या आसपास यायला हवा होता! म्हणजे सरासरी अडीच कोअरच काम करतायत, बाकीचे बसून आहेत. त्यातलं थोडं बसणं सॉल्व्हरचा जो भाग एकाच कोअरवर चालतो त्याच्यामुळे असतं, पण एवढी दरी दिसली की मला पहिला संशय डिस्कचा येतो, विशेषतः स्क्रॅच फोल्डर, म्हणजे रन चालू असताना तात्पुरत्या फाइली ठेवायची जागा, नेटवर्क ड्राइव्हवर टाकलेलं असेल तर (हे मी विचारतोच, आणि हो म्हणणारे निघतातच). उलटं मात्र धरून चालू नका हं, एमपीआयवर (कोअरनी एकमेकांना निरोप द्यायची पद्धत) चालणारे सॉल्व्हर नुसते वाट बघतानाही कोअर शंभर टक्के व्यस्त दाखवतात, त्यामुळे सीपीयू टाइम भरपूर दिसला म्हणजे सगळं आलबेल असं नाही.

अशा ठिकाणी ६४ कोअर आणले तर काय होईल? साठ कोअर बसून राहतील. त्यापेक्षा रॅम दुप्पट करा आणि स्क्रॅचसाठी मशीनच्या आतच चांगली एनव्हीएमई डिस्क (वेगवान जातीची एसएसडी) टाका. चांगली म्हणजे सलग शेकडो जीबी लिहिलं तरी दमत नाही अशी, कारण साध्या एसएसडीचा कॅश (आतली वेगवान तात्पुरती जागा) भरला की लिहायचा स्पीड धाडकन खाली येतो, आणि रोज एवढं लिहून लिहून ती झिजते पण लवकर.

रॅमचा विषय निघालाच आहे तर चॅनलचंही (प्रोसेसर आणि रॅम यांच्यातल्या वाटा) बोलून घेतो, कारण सगळ्यात जास्त पाणी इथे मुरतं आणि कोटेशनमध्ये ते दिसत नाही. सीएफडी असो नाहीतर इटरेटिव्ह सॉल्व्हर (टप्प्याटप्प्याने उत्तराजवळ जाणारा), यांच्यात गणित थोडं आणि मेमरीतून आकडे ओढून आणायचं काम फार. डीडीआर४-३२०० (रॅमची पिढी आणि तिचा स्पीड) चा एक चॅनल सेकंदाला २५.६ जीबी देतो. साध्या डेस्कटॉपला दोन चॅनल, म्हणजे ५१.२. सर्व्हर किंवा भारी वर्कस्टेशनच्या प्रोसेसरला त्याच पिढीत आठ चॅनल, म्हणजे २०४.८. आता विक्रेता काय करतो, तुम्ही म्हणालात १२८ जीबी हवी, तो ६४ च्या दोन स्टिक लावतो आणि वर सांगतो की सहा स्लॉट रिकामे ठेवलेत, पुढे वाढवता येईल. ऐकायला किती छान! पण आठपैकी दोनच चॅनल भरले, म्हणजे पैसे सर्व्हरचे मोजले आणि बँडविड्थ (सेकंदाला किती डेटा जातो ते) डेस्कटॉपची मिळाली. तीच १२८ जीबी १६ च्या आठ स्टिकमध्ये घेतली असती तर चौपट. माझा सरळ नियम आहे, सगळे चॅनल पहिल्या दिवशी भरायचे, आणि ऑर्डरवर ते नीट लिहून घ्यायचं, नुसतं "१२८ जीबी रॅम" असं नाही, किती स्टिक आणि कुठल्या स्पीडच्या.

याच हिशेबाने कोअरकडे बघा. एएमडीच्या ईपिक ९००४ या सर्व्हर प्रोसेसरच्या मालिकेत डीडीआर५-४८०० चे बारा चॅनल आहेत, एकूण ४६०.८ जीबी सेकंदाला. त्यात ९६५४ हा ९६ कोअरचा, ९१७४एफ हा १६ कोअरचा, चॅनल दोघांनाही तेवढेच. भागाकार करा, पहिल्यात एका कोअरच्या वाट्याला ४.८ जीबी, दुसऱ्यात २८.८. शिवाय १६ वाल्याचा बेस क्लॉक ४.१ गिगाहर्ट्झ, ९६ वाल्याचा २.४. एकूण ताकद ९६ चीच जास्त यात वाद नाही, पण तुम्ही जर सोळाच कोअर वापरणार असाल तर सोळावालाच तुमच्यासाठी जास्त चांगला.

आणि सोळाच का वापराल? लायसन्समुळे. छोट्या कंपनीत कोअर किती हे हार्डवेअर ठरवत नाही, लायसन्स ठरवतं, आणि हे खरेदी करणाऱ्या माणसाला बऱ्याचदा कुणी सांगितलेलंच नसतं. अ‍ॅन्सिसच्या नेहमीच्या लायसन्समध्ये चार कोअर धरलेले असतात, त्यावर एक एचपीसी पॅक (जास्तीचे कोअर वापरायचं लायसन्स) घेतला की आठ वाढतात, एकाच रनला दोन पॅक लावले तर ३२ वाढतात, तीन लावले तर १२८. म्हणजे एका पॅकवर बारा कोअर, बस. अबॅकसमध्ये टोकन, म्हणजे रन चालू असेपर्यंत अडकून राहणारे लायसन्सचे तुकडे. एका कोअरला ५, आठला १२, सोळाला १६, बत्तीसला २१. इथे गंमत बघा, आठ कोअरचे दोन रन एकदम लावले तर २४ टोकन जातात, आणि सोळा कोअरचा एकच रन लावला तर १६. पण सोळाचा रन आठच्या दुप्पट पळतोच असं नाही, त्यामुळे रोज दहा छोटे व्हेरिएंट तपासायचे आहेत का महिन्यातून एकदा एक अवाढव्य मॉडेल सोडवायचंय यावर टोकन कशी वापरायची ते ठरतं. असे हिशेब मशीन घेण्याआधी करायचे असतात, नाहीतर नाकापेक्षा मोती जड. ओपनफोम किंवा कॅल्क्युलिक्स ही फुकट मिळणारी सॉफ्टवेअर वापरत असाल तर हा जाच नाही, तिथे कोअर फुकट आहेत, फक्त ते नीट चालवणारा माणूस फुकट नाही.

दुप्पट का पळत नाही, तर ते अ‍ॅमडाल या संगणकतज्ज्ञांनी १९६७ मध्येच सांगून ठेवलंय. कामाचा पाच टक्के भाग जरी एकाच कोअरवर चालणारा असला तर १६ कोअरवर वेग साधारण नऊपट मिळतो, ६४ वर पंधरापट, आणि अगणित लावले तरी वीसच्या वर नाही. सीएफडीत हा भाग खूप कमी असतो म्हणून तिथे कोअर जास्त कामी येतात, तरी एका कोअरच्या वाट्याला पन्नासेक हजार सेल (मॉडेलचे छोटे तुकडे) राहतील एवढंच ताणावं, त्याखाली कोअर एकमेकांशी बोलण्यातच वेळ घालवायला लागतात. वीस लाख सेलचं मॉडेल म्हणजे चाळीसेक कोअर झाले, एका डब्यात, म्हणजे एकाच मशीनमध्ये, मावतात. म्हणूनच "क्लस्टर करू का" (म्हणजे बऱ्याच मशीन एकत्र जोडू का) याला माझं उत्तर बहुतेकांना नाहीच असतं. अगदी गरज पडली तर दोन एकसारख्या मशीन इन्फिनिबँडने (वेगवान नेटवर्क) थेट एकमेकींना जोडा, दोनच असतील तर स्विचही लागत नाही, पण ऑफिसच्या साध्या गिगाबिट नेटवर्कवरून एक रन दोन मशीनवर वाटू नका, तिथून सेकंदाला जास्तीत जास्त १२५ एमबी जातं आणि कित्येकदा एका मशीनपेक्षा दोन मशीन हळू चालतात. मोठा डबा घेतला आणि तिघं जण वापरणार असतील तर त्यावर स्लर्मसारखं रांग लावणारं काहीतरी टाका, नाहीतर तिघं एकाच वेळी रन सोडतात, रॅम संपते आणि तिघांचेही मरतात.

जीपीयूबद्दल, म्हणजे ग्राफिक्स कार्डावर गणित करण्याबद्दल, हल्ली सगळेच विचारतात. त्यांना मी एकच उलट विचारतो, तुमचा सॉल्व्हर डबल प्रिसिजन (जास्त अंकांपर्यंत अचूक आकडे) मागतो का? स्ट्रक्चरलचा डायरेक्ट सॉल्व्हर मागतो. गेमिंगच्या कार्डात नेमकं तेच कापलेलं असतं, आरटीएक्स ४०९० चा डबल प्रिसिजनचा वेग सिंगलच्या १/६४ आहे, म्हणजे सव्वा टेराफ्लॉपच्या (टेराफ्लॉप म्हणजे सेकंदाला एक लाख कोटी गणितं) आसपास, आणि त्याच्या आधीच्या पिढीतलं ए१०० हे डेटा सेंटरचं कार्ड ९.७ देतं. पण सीएफडी किंवा कणांचं सिम्युलेशन सिंगल प्रिसिजनमध्ये चालत असेल आणि मॉडेल कार्डाच्या मेमरीत बसत असेल तर जीपीयूसारखं दुसरं काही नाही, कार्डाची मेमरी बँडविड्थच एवढी असते. न बसणारं मॉडेल मात्र हळू चालत नाही, बहुतेक वेळा चालतच नाही.

क्लाउड? वर्षातून दोनदा मोठा रन पडत असेल तर जरूर, रोजच्या कामाला आपली मशीन बरी. फक्त तीन गोष्टी आधी बघा: लायसन्स बाहेर चालवायची परवानगी आहे का, ग्राहकाच्या करारात ड्रॉइंग बाहेर न्यायला बंदी आहे का, आणि रिझल्ट परत आणायला किती वेळ लागेल. ८० जीबीची फाइल १०० एमबीपीएसच्या लाइनवरून उतरवायला पावणेदोन तास जातात, तेही लाइन पूर्ण मिळाली तर. त्यापेक्षा फाइलीत दर टाइम स्टेपचं (वेळेच्या प्रत्येक छोट्या टप्प्याचं) सगळं साठवायचं बंद करा, लागतं तेवढंच लिहा.

आता जरा कडू वाटेल ते. मशीन कितीही मोठी घ्या, मेश, म्हणजे पार्टचे एलिमेंट नावाचे छोटे तुकडे पाडून केलेलं जाळं, तिला खाऊन टाकते. ठोकळ्यासारख्या सॉलिड पार्टमध्ये एलिमेंटची साइज निम्मी केली की एलिमेंट आठपट होतात, पण डायरेक्ट सॉल्व्हरची मेमरी मोठ्या मॉडेलमध्ये सोळापटीकडे जाते आणि गणित चौसष्टपटीकडे. एक्सप्लिसिटमध्ये, म्हणजे ड्रॉप टेस्ट, फॉर्मिंग वगैरे, आठपट एलिमेंट आणि वर टाइम स्टेपही निम्मी, म्हणून सोळापट. त्यातही टाइम स्टेप सबंध मॉडेलमधला सगळ्यात छोटा एलिमेंट ठरवतो. स्टीलमध्ये ध्वनीलहर सेकंदाला साधारण ५००० मीटर जाते, एक मिलीमीटरच्या एलिमेंटला टाइम स्टेप मिळते ०.२ मायक्रोसेकंद, आणि कुठल्यातरी कोपऱ्यात कॅडमधून राहून गेलेल्या एका चिंधी फिलेटवर (गोल केलेली कड) ०.१ मिलीमीटरचा एलिमेंट पडला की सगळा रन दहापट लांबतो. तो एक फिलेट काढायला पाच मिनिटं लागतात आणि तेवढ्यात जे मिळतं ते कुठल्याही कोटेशनमध्ये मिळणार नाही. सिमेट्री वापरली नाही, पातळ पत्र्याला शेल (जाडी नुसती आकड्यात दिलेला पृष्ठभाग) न घेता सॉलिड घेतलं, ठोकळ्यासारख्या पार्टला इटरेटिव्ह सॉल्व्हर लावून बघितला नाही, हे पण त्यातलंच. मी मालकांना सांगतो मशीनच्या बजेटमधला थोडा भाग इंजिनीअरच्या ट्रेनिंगला ठेवा, ते मान डोलावतात आणि मशीनच घेतात, चालायचंच.

मशीन आली की किरकोळ कामं पण करून टाका, बायोसमधून हायपरथ्रेडिंग (एक कोअर दोन असल्यासारखा दाखवणं) बंद करून एकदा रन घेऊन बघा, बऱ्याच सॉल्व्हरना ते नकोच असतं, रात्री आपोआप अपडेट होऊन रीस्टार्ट होणारं विंडोज आवरा, यूपीएस लावा, सॉल्व्हरला मधूनमधून रीस्टार्ट फाइल लिहायला सांगा. आणि ती शॉप फ्लोअरजवळ ठेवू नका, धातूची भुकटी आणि तेलाचा धूर फॅनमधून आत ओढला जातो, ३५०-४०० वॉटचा प्रोसेसर गरम झाला की स्वतःच क्लॉक उतरवतो आणि तुम्ही म्हणता पहिल्यासारखी पळत नाही.

यानंतरचा ठरलेला प्रश्न असतो जुन्या मशीनचं काय करू. विकू नका. मेशिंगचं बरंचसं काम अजूनही एक-दोन कोअरवरच चालतं, पोस्ट-प्रोसेसिंगला ग्राफिक्स कार्ड आणि रॅम लागते, कोअर नाही. जुनीमध्ये थोडी रॅम वाढवा, मॉडेल बनवणं आणि रिझल्ट बघणं तिच्यावर करा, लायसन्स सर्व्हरही तिच्यावरच ठेवा, आणि नवीन मशीनवर फक्त सॉल्व्हर चालू द्या, तिच्यावर कुणी कॅड उघडून बसायचं नाही.