मागचं दार

बांधकाम खात्याचे जेई (कनिष्ठ अभियंता) सकाळी दहालाच टेप आणि ड्रॉइंग बोर्ड घेऊन आमच्या कोर्टात आले. जुलै २०२५ मधला मंगळवार. रात्रभर पाऊस झाला होता, पायऱ्यांवर चिखल होता आणि पॅसेजमध्ये पाय ठेवायला जागा नव्हती. मंगळवार हा आमच्या गावचा बाजार. खेड्यावरची माणसं तारीखच मंगळवारची मागतात, म्हणजे एका एसटीच्या भाड्यात बाजारही होतो आणि कोर्टही. आमच्या न्यायाधीश मॅडम शक्य असेल तिथे तशी तारीख देतात.

मी या तालुका न्यायालयात सहायक अधीक्षक आहे. नोकरीला बावीस वर्षं झाली, त्यातली नऊ याच इमारतीत. इमारत दगडी, सागवानी तुळयांची, वर मंगलोरी कौलं. बांधली तेव्हा इथे एक न्यायाधीश बसत. आता दोन बसतात आणि तिसऱ्यांचं पद मंजूर आहे, पण बसवायला जागा नाही. दुसरं कोर्ट म्हणजे मुळातल्या मोठ्या हॉलमध्ये प्लायवूडचं पार्टिशन टाकून केलेला अर्धा भाग. इकडे उलटतपासणीत वकिलांचा आवाज चढला की तिकडचा साक्षीदार बोलायचा थांबतो.

विस्ताराचा प्रस्ताव आम्ही तिसऱ्यांदा करत होतो. पहिला परत आला, कारण जागेच्या मालमत्ता पत्रकावर जुनी नोंद राहिली होती. दुसरा वर फिरता फिरता इतका काळ गेला की अंदाजपत्रकातले दर जुने झाले. नवी दरसूची आली आणि सगळं पुन्हा. या वेळी जिल्हा न्यायालयाचं पत्र आलं त्यात पंधरा दिवसांची मुदत होती.

घाईचं कारण खरं होतं. कोर्टाची इमारत बांधणं हे मुळात राज्याचं काम, पण १९९३-९४ पासून त्यासाठी केंद्राची एक योजना आहे. आपल्यासारख्या राज्यात खर्चाचे ६० टक्के केंद्र देतं, ४० टक्के राज्य घालतं. ईशान्येकडच्या आणि हिमालयातल्या राज्यांना ९०:१० आहे. २०२१ मध्ये या योजनेला पाच वर्षांसाठी नऊ हजार कोटी मंजूर झाले, त्यात केंद्राचा वाटा ५,३५७ कोटींचा. कोर्ट हॉल आणि न्यायाधीशांची घरं आधीपासून होतीच. वकिलांचा हॉल, स्वच्छतागृहं आणि संगणक कक्ष त्यात आले. ती पाच वर्षं मार्च २०२६ ला संपणार होती. तालुक्यातून निघालेला कागद जिल्हा न्यायालय, उच्च न्यायालय, मग मंत्रालयात विधी व न्याय विभाग असा जातो. प्रशासकीय मान्यता मिळाली की तांत्रिक मान्यता, मग निविदा. पंधरा दिवसही जास्तच होते म्हणायचे.

प्रस्तावाच्या नमुन्यात रकाने असतात. मंजूर पदं किती, उपलब्ध कोर्ट हॉल किती, प्रलंबित प्रकरणं किती, चटई क्षेत्र किती. मीही तोवर जागेचा विचार याच रकान्यांतून करत होतो. तत्कालीन सरन्यायाधीश रमणा २३ ऑक्टोबर २०२१ ला औरंगाबाद खंडपीठाच्या नव्या इमारतीच्या उद्घाटनाला आले होते, तेव्हाचं त्यांचं भाषण आम्ही सगळ्या स्टाफने मोबाइलवर ऐकलं होतं. देशात न्यायिक अधिकाऱ्यांची मंजूर पदं २४,२८० आणि कोर्ट हॉल २०,१४३, त्यातलेही ६२० भाड्याचे. २६ टक्के न्यायालय संकुलांत बायकांसाठी वेगळं स्वच्छतागृह नाही. हे आकडे मी तेव्हा डायरीत उतरवून घेतले होते. आमच्याकडे एकच स्वच्छतागृह होतं, त्यालाच मधून भिंत घातलेली. आपल्याला एक हॉल कमी आहे, तो मिळाला की प्रश्न मिटला, असं माझं गणित होतं.

जेई तरुण होते, कामाला पक्के. त्यांनी पॅसेजची रुंदी घेतली: दोन मीटरला थोडी कमी, आणि दोन्ही बाजूंना बाकं. मग कोऱ्या कागदावर इमारतीची ढोबळ आकृती काढून मला विचारायला लागले.

"आरोपी कुठून आणतात?"

"या दारातून."

"साक्षीदार?"

"इथूनच."

"मॅडम चेंबरला कुठून जातात?"

"त्याही इथूनच. पट्टेवाला पुढे होऊन वाट करतो."

"पक्षकार, वकील?"

दर उत्तराला ते एक बाण काढत होते. मुद्देमाल आणि रेकॉर्डचाही बाण त्याच दारात गेला. पाच बाण. ते काही बोलले नाहीत, कागद बोर्डाखाली सरकवला आणि मुद्देमालाची खोली मोजायला गेले.

बाराच्या सुमाराला पोलिसांच्या वतीने कोर्टाची कामं बघणारे पैरवीचे हवालदार माझ्या टेबलाशी आले. "साहेब, एकशे चौसष्टचा जबाब आहे." म्हणजे तपासादरम्यान न्यायाधीशांसमोर द्यायचा जबाब. कायदा बदलून तेव्हा वर्ष झालं होतं, आता ते कलम १८३ आहे, पण पोलीस काय आणि आम्ही काय, तोंडात जुनाच आकडा येतो. मी मान वर केली. साध्या साडीतल्या महिला पोलीस, त्यांच्यामागे एक बाई, आणि बाईला चिकटून शाळकरी वयाची एक मुलगी. ती कोण, कुठली, हे मी इथे लिहिणार नाही. कुठेच लिहू नये.

त्या पायऱ्या चढून दारात आल्या आणि मुलगी थांबली. आत बाकावर तीन माणसं बसली होती, सकाळपासूनच. कुठल्यातरी दाव्याची माणसं असतील म्हणून आम्ही कुणी लक्ष दिलं नव्हतं. ती आरोपीच्या घरची माणसं होती. त्याच गुन्ह्यातल्या आरोपीची कोठडी त्याच दिवशी संपत होती, त्याला रिमांडसाठी दुपारी आणणार होते आणि घरचे त्याला भेटायला येऊन बसले होते. त्यांनी काही केलं नाही. शिवी नाही, धमकी नाही. त्यातला म्हातारा फक्त उठून उभा राहिला आणि मुलीकडे बघत राहिला.

मुलीने आईचा पदर मुठीत धरला आणि ती उलटी वळली. पायऱ्या उतरून पावसात. आई तिच्यामागे. मी धावत बाहेर गेलो तेव्हा त्या फाटकाशी होत्या.

"ताई, थांबा."

"नको साहेब. आम्हाला काही सांगायचं नाही. आम्ही घरी जातो."

तिचं चुकत नव्हतं. दोन मीटरांच्या पॅसेजमधून, त्या तिघांच्या गुडघ्यांना घासून तिच्या लेकीने आत जायचं होतं, आणि जबाब देऊन पुन्हा तसंच बाहेर यायचं होतं. तोवर आरोपीची गाडीही आली असती.

मी तिला म्हणालो, पाच मिनिटं द्या. कुठे बसवणार हे मलाच माहीत नव्हतं. बार रूम बाजारामुळे भरलेली. मॅडमचं चेंबर पार्टिशनच्या आत, तिथे जायला तोच पॅसेज. नझारतीत, म्हणजे समन्स-नोटिसा आणि पैशांच्या विभागात, माणसांची रांग. तेवढ्यात आमचे शिपाई मामा म्हणाले, "रेकॉर्डला मागून दार आहे की."

ते दार मी नऊ वर्षांत कधी उघडलेलं पाहिलं नव्हतं. त्याच्या आतल्या बाजूला रॅक लावलेलं, त्यावर कायम जपायच्या ए फायलींचे रुमाल, म्हणजे लाल कापडात बांधलेले गठ्ठे, छतापर्यंत रचलेले. बाहेरच्या बाजूला न्यायाधीशांचं पडकं जुनं निवासस्थान आणि कमरेएवढं गवत. मी, मामा आणि दोन बेलिफ असे आम्ही चौघांनी रुमाल उतरवले, रॅक ओढलं. कडी गंजून बसली होती. मामांनी पारेने ती उचकटली. दार उघडलं तसा पावसाचा वारा आत आला आणि जुन्या कागदांचा, डांबरगोळ्यांचा वास बाहेर गेला.

महिला पोलिसांनी दोघींना इमारतीला वळसा घालून, गवतातून, एका छत्रीखाली आणलं. मुलीच्या चपला चिखलात रुतत होत्या. आत दोन रॅकच्या मध्ये आम्ही एक स्टूल आणि दोन खुर्च्या ठेवल्या होत्या. पंखा नव्हता. कुणीतरी पाण्याची बाटली आणून ठेवली.

मॅडमना मी चिठ्ठी पाठवली. त्यांनी चाललेली साक्ष संपवली, बोर्डावरची उरलेली प्रकरणं दुपारनंतर ठेवली आणि गाऊन काढून स्वतः रेकॉर्ड रूममध्ये आल्या. मुलीला चेंबरपर्यंत नेण्याचा विषयच त्यांनी काढला नाही. त्यांनी मला बाहेर जायला सांगितलं आणि आतून दार लावून घेतलं. जबाब त्यांनी स्वतःच्या हाताने लिहिला.

मी त्या दाराबाहेर उभा राहिलो. पुकारे चालू नव्हते, तरी नक्कल मागायला येणारे, तारीख विचारायला येणारे चालूच होते. एकेकाला परतवत होतो. आतलं काही ऐकू येत नव्हतं आणि यावं असं मला वाटतही नव्हतं. मधे आरोपीला आणलं. दोरी धरलेले शिपाई त्याला माझ्यासमोरून घेऊन गेले. मधे सागवानी दाराची एक फळी, पलीकडे ती मुलगी. माझ्या सगळ्या नोकरीत मला एखाद्या दाराची इतकी किंमत कधी वाटली नव्हती.

एक तास चाळीस मिनिटांनी मॅडम बाहेर आल्या. मायलेकी मागच्या दारानेच गेल्या. जाताना आईने हात जोडले. मुलीने मान वर केली नाही, पण पदर सुटला होता.

जेई हे सगळं बघत होते. पाऊस उघडल्यावर ते टेप घेऊन मागच्या गवतात उतरले. फाटकापासून त्या दारापर्यंतचं अंतर मोजलं, ३१ मीटर. संध्याकाळी आम्ही नकाशा घेऊन बसलो, तेव्हा त्यांनी नव्या हॉलच्या मागे एक छोटी खोली आखली. लगत स्वच्छतागृह, आणि मागच्या गल्लीत उघडणारं स्वतंत्र दार.

कायद्याने ही गरज केव्हाच मान्य केलेली आहे. मूल साक्ष देत असताना ते आरोपीसमोर येऊ नये, हे पोक्सोच्या, म्हणजे मुलांवरच्या लैंगिक अत्याचारांविरुद्धच्या कायद्याच्या, कलम ३६ मध्ये आहे. महाराष्ट्रातूनच गेलेल्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने ११ जानेवारी २०२२ ला, अशा साक्षीदारांसाठी जिल्ह्याजिल्ह्यात वेगळी केंद्रं उभी करण्याच्या दिशेने सगळ्या उच्च न्यायालयांना आदेश दिले, आणि असा साक्षीदार म्हणजे फक्त लहान मूल नव्हे, हेही स्पष्ट केलं. आमच्या जिल्ह्याच्या ठिकाणी तशी चांगली खोली झाली आहे. पण खटला तिथे जाईपर्यंत महिने जातात. पहिला जबाब घटनेनंतर काही दिवसांत होतो, तालुक्याला, आमच्यासारख्या इमारतीत. जखम ओली असते तेव्हाच तिच्यासाठी खोली नसते.

अडचण दोन ठिकाणी आली. खोली आणि वेगळं दार घेतलं तर क्षेत्रफळ वाढत होतं आणि रक्कमही. काहीतरी कमी करावं लागणार होतं. कोर्ट हॉल, अभिलेख कक्ष, स्वच्छतागृहं यांना हात लावता येत नव्हता. उरली कर्मचाऱ्यांची खोली. आम्ही सव्वीस जण वर्षानुवर्षं फायली सरकवून टेबलावरच डबे खातो; या नकाशात पहिल्यांदा आमच्यासाठी एक खोली आली होती. बुधवारी सकाळी मी सगळ्यांना एकत्र बोलावून विचारलं. नाझर म्हणाले, "त्या पोरीचं दार राहू द्या." ज्या दोन क्लार्क भगिनींना त्या खोलीची आमच्यापेक्षा जास्त गरज होती, त्यांनीही मान हलवली. मला ते आजही सोपं वाटत नाही. दोन्ही खोल्या मिळायला हव्यात, असंच मला वाटतं.

दुसरी अडचण लिहिण्याची. समर्थनाच्या टिपणीत काय लिहायचं? नाव, गाव, गुन्हा, तारीख, मुलीची ओळख पटेल असं काहीही लिहायला कायद्याने बंदी आहे, आणि ती योग्यच आहे. नमुन्यात "साक्षीदार परत फिरला" असा रकाना नाही. मी चार मसुदे फाडले. शेवटी शेऱ्यात लिहिलं: "आरोपी, साक्षीदार, पक्षकार व न्यायिक अधिकारी यांना एकाच प्रवेशद्वारातून व एकाच मार्गिकेतून ये-जा करावी लागते." मॅडमनी वाचलं आणि खाली पेनाने एक वाक्य वाढवलं: "यामुळे जबाब नोंदविण्याच्या कामात प्रत्यक्ष अडथळा आलेला आहे."

शुक्रवारी प्रस्ताव गेला.

रेकॉर्ड रूमचं रॅक आम्ही परत दाराला लावलं नाही. मामांनी कडीला तेल घातलं, निवासस्थानाच्या पडझडीतल्या फरश्या उचलून गवतातून फाटकापर्यंत एक वाट घातली. त्या दाराची किल्ली माझ्या टेबलामागे वेगळ्या खिळ्यावर असते. दिवाळीपर्यंत ती चार वेळा काढावी लागली. एकदा एका म्हाताऱ्या बाईसाठी, जिच्या मुलानेच तिला घराबाहेर काढलं होतं आणि तो बाकावर बसला होता.

दिवाळीनंतर वरून पत्र आलं. बाकी सर्व ठीक, फक्त एक मुद्दा: साक्षीदार कक्षास स्वतंत्र प्रवेशद्वाराची आवश्यकता स्पष्ट करावी. मी जेईंना फोन करून त्या पहिल्या सकाळचा कागद मागून घेतला. पावसाच्या थेंबांनी शाई थोडी पसरली होती, पण पाचही बाण दिसत होते. त्याची झेरॉक्स काढली, प्रत्येक बाणापुढे कोण ते लिहिलं, मॅडमची सही घेतली आणि तोच कागद उत्तराला जोडून पाठवला.