लहान जहाजावरची खोली निवडताना

आज जळगावात ताईच्या घरी आबा आणि आईंच्या समुद्रप्रवासासाठी खोली ठरवायला आम्ही सगळे बसलो होतो. सर्वांत वरच्या मजल्यावरची, बाल्कनीची खोली घ्यावी, असा भाऊजींचा आग्रह होता, आणि त्यामागची माया मला समजत होती. तापीकाठी आयुष्य काढलेल्या माणसांना समुद्र मनसोक्त पाहता यावा, असे कुणालाही वाटेल.

परंतु जहाज लहान असले की लाटांचा हेलकावा अधिक जाणवतो, आणि तो उंचावर व दोन्ही टोकांना सर्वाधिक असतो. म्हणून मळमळ होणाऱ्या माणसाने मधल्या भागातली, खालच्या मजल्यावरची खोली घ्यावी, हे मी आग्रहाने मांडले. नाळेकडच्या, म्हणजे जहाजाच्या पुढच्या टोकाच्या खोलीत पहाटे नांगराच्या साखळीचा खडखडाट होतो, तर मागच्या बाजूला इंजिनाची थरथर पोचते. नकाशात पलंगाची दिशाही पाहिली. तो जहाजाच्या लांबीला आडवा असेल, तर जहाज कुशीवर कलताना डोके आणि पाय आळीपाळीने वर-खाली होतात.

वाराणसीहून २०२३ मध्ये निघालेल्या 'गंगा विलास'सारख्या, अवघ्या १८ खोल्यांच्या नदीतील जहाजाला हा हिशेब फारसा लागू नाही, कारण तिथे समुद्रासारख्या लाटा नसतात. आबांचे गुडघे दुखतात आणि त्यांच्या समुद्रप्रवासाच्या जहाजावर लिफ्ट नाही. त्यामुळे भोजनगृहाच्याच मजल्यावरची, मध्यभागातली गोल खिडकीची खोली आम्ही नक्की केली. भाऊजींनीही मोकळ्या मनाने होकार दिला.