गाडीची वीज वरच्या शेडपर्यंत: माझा अनुभव

आमचं घर खाली आणि गाडी वर. रत्नागिरीकडच्या उतारावरच्या गावांत हे नेहमीचंच. रस्ता वरून जातो, तिथून पाखाडी, म्हणजे दगडी पायऱ्यांची वाट, उतरून खळ्यात (अंगणात) यायचं. गाडीसाठी रस्त्यालगत जांभ्याची वेगळी शेड आहे, घरच्या मीटरपासून पंचेचाळीस मीटरवर. तिथल्या एका बल्बासाठी आणि एका प्लगसाठी कोणे एके काळी दीडची वायर पाइपातून नेलेली होती. मुलाने इलेक्ट्रिक गाडी घेतली आणि त्या वायरीचा हिशोब मांडायची वेळ आली.

मी शाळेत विज्ञान शिकवत असे, त्यामुळे हिशोब स्वतःच केला. दीड चौरस मिलिमीटर तांब्याच्या तारेचा रोध किलोमीटरला साधारण १२ ओहम. जाऊन-येऊन ९० मीटर, म्हणजे १.१ ओहम. ७.२ किलोवॉटचा चार्जर ३२ अँपिअर ओढतो. म्हणजे ३५ व्होल्ट वाटेतच जाणार आणि अकराशे वॉटची उष्णता त्या जुन्या पाइपात साठत राहणार. गाडीबरोबर आलेला १५ अँपिअरच्या प्लगचा छोटा चार्जर लावला तरी अडीचशे वॉट, तेही रात्रभर. तो मी लावू दिला नाही.

कागदपत्रांचं काम मला वाटलं होतं त्याहून सोपं निघालं. मंजूर भार ३ किलोवॉट, सिंगल फेज होता. महावितरणकडे १० किलोवॉट थ्री फेजसाठी भारवाढीचा अर्ज ऑनलाइन भरला. पाहणी झाली, डिमांड नोटचे, म्हणजे महावितरणने कळवलेल्या खर्चाचे, पैसे भरले, परवानाधारक ठेकेदाराचा टेस्ट रिपोर्ट दिला आणि मीटर बदलून मिळाला. घरची गाडी घरगुती मीटरवर चार्ज करता येते. थ्री फेजला दरमहाचा स्थिर आकार मात्र जास्त लागतो, तो आधीच धरून चालावा.

खरं काम निघालं ते अर्थिंगचं. वायरमन माझाच जुना विद्यार्थी. त्याने मीटरचा बोर्ड उघडला, भिंतीत गेलेली हिरवी वायर जराशी ओढली, आणि वीतभर तुकडा हातात आला. पुढे काहीच नव्हतं. "बाई, घराला अर्थिंगच नाही," तो म्हणाला. त्याच बोर्डावर इतकी वर्षं गिझर चालत होता, नातवंडं आंघोळ करत होती. त्या दिवसापासून चार्जर कुठला घ्यायचा हा विषय मागे पडला.

जांभ्यात अर्थिंग मिळवणं अवघड. पावसाळ्यात दगड चिंब असतो, एप्रिलमध्ये कोरडा ठणठणीत. म्हणून आम्ही मुद्दाम उन्हाळ्यातच मोजलं. शेडमागे जीआय (जस्ताचा मुलामा दिलेल्या लोखंडी) पाइपाचा एक खड्डा कोळसा आणि मीठ घालून केला, तर अर्थ टेस्टरवर जमिनीचा रोध ४२ ओहम आला. मग सहा मीटरवर दुसरा खड्डा खणला, त्यात बेंटोनाइट (ओलावा धरून ठेवणारी माती) भरलं आणि दोन्ही पाइप जीआय पट्टीने जोडले. आकडा १६ वर आला.

हा आकडा महत्त्वाचा का, ते सांगते. फेजची तार गाडीच्या पत्र्याला लागली, तर ४२ ओहममधून जेमतेम साडेपाच अँपिअर जमिनीत जातात. १६ ओहम असले तरी चौदाच. ४० अँपिअरचा एमसीबी, म्हणजे प्रवाह फार वाढला की वीज तोडणारा स्विच, त्याची दखलही घेत नाही आणि पत्र्यात वीज खेळत राहते. माणूस वाचतो तो आरसीसीबीमुळे, म्हणजे विजेची गळती ओळखणाऱ्या स्विचमुळे, कारण तो ३० मिलिअँपिअरच्या गळतीला वीज तोडतो. गाडीच्या चार्जिंगमध्ये डीसी गळतीही होऊ शकते आणि साधा एसी प्रकारचा आरसीसीबी त्याने आंधळा होतो. म्हणून ६ मिलिअँपिअरची डीसी गळती ओळखणारा चार्जर घेतला आणि बोर्डात ए प्रकारचा आरसीसीबी बसवला.

आमचा चार्जर अर्थ नीट नसेल तर सुरूच होत नाही. यावर तोडगा म्हणून प्लगमध्ये न्यूट्रल आणि अर्थ एकमेकांना जोडून देणारे लोक आहेत. मलाही एकाने हाच सल्ला दिला. कृपा करून हे कुणी करू नका. वादळात खांबाकडून येणारा न्यूट्रल कुठे तुटला, तर गाडीचा अख्खा पत्रा २३० व्होल्टवर येतो. आमच्याकडे जून-जुलैत फांद्या पडून तारा तुटतातच.

केबल चार कोअरची, १६ चौरस मिलिमीटर ॲल्युमिनियमची आर्मर्ड, म्हणजे वरून पोलादी कवच असलेली, घेतली. पाऊण मीटर खोल चर, खाली वाळू, मग केबल, पुन्हा वाळू, वर विटा आणि धोक्याची पट्टी. पाखाडीखालचा जांभा दगड फोडायच्या ब्रेकरनेच फोडावा लागला आणि तेवढ्या भागात केबल जाड पाइपातून नेली. दोन्ही टोकांना ग्लँड (केबल घट्ट धरणारी धातूची कडी) बसवून आर्मर अर्थला जोडला, तारांच्या टोकांचे लग मशीनने दाबून घेतले. एका फेजवर चार्जर, उरलेल्या दोन फेजवर शेडचे दिवे आणि कटरचा प्लग. आता ३२ अँपिअरला वाटेत सहा व्होल्टच्या आसपास जातात. घराच्या बाजूला वेगळा खड्डा करून प्रत्येक प्लगला अर्थ ओढून घेतला, ते काम भिंती फोडून झालं आणि खर्चही त्याचाच जास्त झाला. चार्जरची किंमत त्यापुढे काहीच नव्हती.

येत्या मे महिन्यात अर्थ पुन्हा मोजायचा आहे. आकडा वीसच्या वर गेला, तर तिसरा खड्डा गडग्यापाशी (दगडी कुंपणापाशी) घेणार आहोत. तिथे आंब्याच्या आळ्याचा ओलावा असतो.