फ्लाइट डायरेक्टर बंद केल्यावर

वैमानिकांना सिम्युलेटरवर शिकवते मी. परवा पहाटे दोनचा स्लॉट होता. सिम्युलेटर चोवीस तास चालतं, तेव्हा असल्या वेळा वाट्याला येतातच. समोर एक को-पायलट, गाठीशी दोन हजारांवर तास, अभ्यासू. ब्रीफिंगला बसताच त्याने विचारलं, "मॅडम, आज काय काय येणार आहे?" हा प्रश्न सगळेच विचारतात. आदल्या बॅचकडून यादी मिळालेलीही असते. व्ही-वनला, म्हणजे ज्या वेगानंतर उड्डाण थांबवता येत नाही तिथे, इंजिन जाणार, मग एका इंजिनवर अप्रोच (उतरण्यासाठी धावपट्टीकडे येणं), मग गो-अराउंड, म्हणजे न उतरता पुन्हा वर. तेवढं त्याने अगदी सफाईने केलं.

मग मी त्याला 35,000 फुटांवर नेलं, रात्र केली आणि यादीत नसलेली गोष्ट दिली: विमानाचा वेग मोजणाऱ्या नळ्या, पिटो ट्यूब, गोठवल्या. ऑटोपायलट सुटला, इंजिनाची पॉवर आपोआप सांभाळणारा ऑटोथ्रस्ट गेला, दोन्ही बाजूंचे वेगाचे आकडे जुळेनात. त्याने विमानाचं नाक वर ओढलं. सात डिग्री, नऊ, अकरा. मी गप्प राहून सेकंद मोजत होते. चौदाव्या सेकंदाला स्टॉलची, म्हणजे पंखांची उचल संपत आल्याची, सूचना वाजली, तरी हात मागेच ओढलेला.

तासाभरापूर्वी हीच प्रोसिजर त्याने मला तोंडपाठ सांगितली होती. ऑटोपायलट, ऑटोथ्रस्ट आणि नाक कुठे ठेवायचं ते पडद्यावर दाखवणारा फ्लाइट डायरेक्टर बंद. वेगाच्या आकड्यावर विसंबायचं नाही. नाकाचा ठरलेला कोन आणि ठरलेली पॉवर लावायची. क्रूझमध्ये, ठरल्या उंचीवर सरळ उडताना, जवळजवळ आहे तसंच ठेवायचं, नाक अडीच डिग्रीच्या आसपास. पण पाठ असणं वेगळं आणि दचकलेल्या हाताला आठवणं वेगळं.

1 जून 2009 च्या रात्री रिओहून पॅरिसला निघालेल्या एअर फ्रान्स 447 च्या कॉकपिटमध्ये हेच झालं. वेगाचे आकडे मिनिटाच्या आत परत आले होते. विमान मात्र तोवर वर चढून स्टॉल झालं होतं. ऑटोपायलट सुटल्यापासून समुद्रापर्यंत 4 मिनिटं 23 सेकंद, आणि 228 माणसं. फ्रेंच तपास संस्थेच्या अहवालातली एक गोष्ट मी प्रत्येक ब्रीफिंगला सांगते: त्या दोघा को-पायलटना इतक्या उंचीवर विमान हाताने उडवण्याचं प्रशिक्षणच मिळालेलं नव्हतं.

आणि ते लाइनवर, रोजच्या प्रवासी उड्डाणांत, मिळणार तरी कुठून? 29,000 फुटांच्या वर विमानांमधलं उभं अंतर हजार फुटांवर आल्यापासून तिथे ऑटोपायलट लावूनच उडायचं असतं. हवा विरळ, हात जरासा जास्त गेला तरी नाक भलतीकडे जातं. हे शिकायची एकमेव जागा सिम्युलेटर.

ऑटोमेशनने उड्डाण सुरक्षित केलं याबद्दल माझ्या मनात शंका नाही. मी स्वतः नऊ तासांच्या फ्लाइटमध्ये सात-आठ मिनिटं विमान हातात घेते. मागच्या वर्षी स्वच्छ हवेत फ्लाइट डायरेक्टर बंद करून अप्रोच केला, तेव्हा माझीच नजर वेगावरून उंचीवर यायला उशीर करत होती. वीस वर्षं उडवतेय मी. फार अस्वस्थ झाले.

2013 मध्ये सॅन फ्रान्सिस्कोला एशियानाचं 777 असंच लख्ख उजेडात धावपट्टीच्या आधी आपटलं. उतरण्याचा उतार दाखवणारा धावपट्टीचा रेडिओ संकेत, ग्लाइडस्लोप, बंद होता. ऑटोथ्रॉटल (ऑटोथ्रस्टसारखीच यंत्रणा) वेग सांभाळतोय असं वैमानिकांना वाटत होतं, आणि तो त्या मोडमध्ये सांभाळत नव्हता. तिघांचा जीव गेला. तिथे हात आणि मोडचं ज्ञान दोन्ही कमी पडलं. म्हणून वैमानिकांसाठी उड्डाणाच्या तासांची अट वाढवा म्हणणाऱ्यांशी माझं पटत नाही. 447 च्या कॅप्टनचे 11,000 च्या आसपास तास होते. क्रूझमध्ये बसून काढलेला तास आणि हातात घेतलेला तास लॉगबुकात सारखाच दिसतो.

मला हवं आहे ते एवढंच: प्रत्येक सेशनमध्ये वीस मिनिटं, आधी न सांगितलेली, पास-नापासाशी संबंध नसलेली. पुराव्यांवर आधारित प्रशिक्षणाची पद्धत आलीय, ती याच दिशेची आहे. पण स्लॉट महाग, आणि वेळ कमी पडला की कात्री आधी इथेच लागते.

त्या मुलाला मी सिम्युलेटर थांबवून पुन्हा 35,000 वर बसवलं. दुसऱ्यांदा नाक सहा डिग्रीवर गेलं आणि त्याने खाली आणलं. तिसऱ्यांदा, वेगळ्या उंचीवर, ढगात, वळणात असताना दिलं. या वेळी त्याने आधी मोठ्याने "नाक, पॉवर" म्हटलं, मग हात हलवला. साठ फुटांच्या आत उंची राखली. यात एका अप्रोचचा वेळ गेला. तो अप्रोच का राहिला हे मी शेऱ्यात सविस्तर लिहिलं. बाहेर पुढची जोडी थांबली होती. त्यांनी त्याला दारातच विचारलं, "काय काय आलं?"