तुम्ही विचारलंत म्हणून: लिस्ट की अ‍ॅरेलिस्ट?

हिंजवडीत नुकतीच नोकरीला लागलेली काही मुले-मुली रविवारी सकाळी जावा या प्रोग्रामिंग भाषेतला आपला कोड घेऊन माझ्या कोथरूडच्या घरी येतात, आणि दर दोन-तीन आठवड्यांनी कोणीतरी विचारतेच, "मॅडम, मेथडच्या पॅरामीटरला लिस्ट लिहायचे की अ‍ॅरेलिस्ट?" (मेथड म्हणजे नाव दिलेला कोडचा तुकडा, पॅरामीटर म्हणजे त्याला बाहेरून मिळणारी वस्तू. लिस्ट हा इंटरफेस, म्हणजे यादीवर काय काय करता येते एवढेच सांगणारा करार, आणि अ‍ॅरेलिस्ट हा तो करार पाळणारा यादीचा एक प्रत्यक्ष प्रकार.) 'नेहमी इंटरफेस वापरा' हे उत्तर मुलाखतीच्या तयारीत त्यांनी पाठ केलेले असते, का, असे विचारले की मात्र 'उद्या बदलता येते' याच्या पुढे कोणी जात नाही.

बदलता येते, हे खरे आहे. १९९८ साली जावा १.२ मध्ये कलेक्शन्स, म्हणजे याद्या आणि संच यांची लायब्ररी, आली, त्याआधी सगळीकडे व्हेक्टर हा यादीचा जुना प्रकार होता, आणि ज्यांनी तो प्रत्येक मेथडच्या पॅरामीटरमध्ये लिहून ठेवला त्यांना पुढे तो काढताना फार त्रास झाला. पण माझ्या मते मुख्य कारण वेगळे आहे. पॅरामीटरचा टाइप म्हणजे 'मला तुमच्याकडून नेमके एवढेच हवे' असे मेथडने बोलावणाऱ्याला सांगणे होय. सगळे घटक फक्त एकदा पाहायचे असतील तर इटरेबल पुरे. संख्या हवी असेल तर कलेक्शन. क्रमाने, जागेनुसार हवे असतील तरच लिस्ट. अ‍ॅरेलिस्ट मागितली की ज्याच्याकडे दुसऱ्या प्रकारची लिस्ट आहे त्याला केवळ आपल्या हट्टापायी संपूर्ण प्रत काढावी लागते.

परत देताना मात्र मोघम राहू नये. निकाल क्रमाने लावलेला असेल तर कलेक्शन न म्हणता लिस्ट म्हणावे, त्यात पुनरावृत्ती नसेल तर सेट म्हणावे, कारण जे आपण सांगत नाही त्यावर घेणारा विसंबू शकत नाही.

खरी अडचण अशी की लिस्ट हे नावही सगळे सांगत नाही. मागे एका मुलीने बिलांच्या रिपोर्टचा कोड आणला होता. शंभर ओळींवर तो झटकन चालायचा आणि एक लाख ओळींवर अडून बसायचा. पॅरामीटरला लिस्ट लिहिलेले, आत साधे लूप, त्यात आय हा जागेचा क्रमांक वाढवत गेट, म्हणजे त्या जागेवरचा घटक मागणे. चूक दिसेना. शेवटी बोलावणारा कोड उघडला, तेव्हा तिथून लिंक्डलिस्ट, म्हणजे घटक एकमेकांना दुव्यांनी जोडलेली यादी, येत असल्याचे कळले. लिंक्डलिस्ट जवळच्या टोकापासून एकेक दुवा मोजत त्या जागेपर्यंत जाते, म्हणजे दर वेळी सरासरी पाव यादी चालते. एक लाख वेळा पंचवीस हजार, अर्थात सुमारे २५० कोटी पावले. फॉर-ईच लूप लिहिल्यावर तेच काम एक लाख पावलांत झाले, कारण त्या लूपमागे घटक एकेक करून देणारा इटरेटर असतो आणि तो आपली जागा लक्षात ठेवतो. कोणत्याही जागेवर थेट पोहोचता येते की नाही, हा फरक सांगण्यासाठीच जावा १.४ मध्ये रँडमअ‍ॅक्सेस नावाचा एकही मेथड नसलेला इंटरफेस आला, आणि कलेक्शन्समधले बायनरी सर्च (क्रमाने लावलेली यादी निम्मी-निम्मी करत शोधणे) आपली पद्धत ठरवण्याआधी तो तपासते.

दुसरी गोष्ट बदल करण्याची. २०१७ च्या जावा ९ मधल्या लिस्ट.ऑफ या मेथडने दिलेली यादीही लिस्टच असते, पण तिच्यावर अ‍ॅड केले, म्हणजे घटक घालायला गेले, की कोड आधी तपासणारा कंपायलर गप्प राहतो आणि प्रोग्राम चालताना अपवाद (एक्सेप्शन) फेकला जातो. सी शार्प या दुसऱ्या भाषेत फक्त वाचण्यापुरता आयरीडओन्लीलिस्ट हा इंटरफेस २०१२ पासून आहे. जावाच्या लायब्ररीत तसा नाही, याची मला मनापासून खंत वाटते. म्हणून आलेल्या यादीत भर घालणारी मेथड मी शक्यतो लिहीतच नाही. नवी यादी करून परत देते.

मेथडच्या आतल्या व्हेरिएबलला काय लिहावे यावर रिव्ह्यूमध्ये, म्हणजे एकमेकांचा कोड तपासताना, वाद घालू नये. टाइप कंपायलरवर सोडणाऱ्या जावा १० मधल्या व्हार या शब्दाने तिथे अ‍ॅरेलिस्ट हाच टाइप ठरतो आणि कोणाचे काही बिघडत नाही.

एका जागी मात्र मी आवर्जून विशिष्ट टाइप लिहिते. अनेक थ्रेड (प्रोग्राममधली एकाच वेळी चालणारी कामे) एकाच वेळी वाचत असलेल्या यादीचे प्रायव्हेट फील्ड, म्हणजे क्लासच्या आतच राहणारे व्हेरिएबल, मी कॉपीऑनराइटअ‍ॅरेलिस्ट (दर बदलाला नवी प्रत काढणारी यादी) म्हणूनच जाहीर करते. तिथे नुसते लिस्ट लिहिले, तर सहा महिन्यांनी कोणी सद्हेतूने साधी अ‍ॅरेलिस्ट आणून बसवेल, कोड विनातक्रार कंपाइल होईल, आणि एक थ्रेड यादी वाचत असताना दुसऱ्याने तीत भर घातली तरच ती चूक उघडी पडेल.