अमेरिकेत निवडणूक आयोग नाही, मग निवडणूक घेते कोण?

पुण्याला आले की नातेवाइकांकडून, त्यांच्या शेजाऱ्यांकडून आणि एकदा तर बँकेच्या रांगेत उभ्या असलेल्या एका निवृत्त मामलेदारांकडूनही मला हा प्रश्न विचारला गेला आहे. त्याचा दुसरा भाग सहसा थोड्या दबक्या आवाजात येतो : ‘निवडणूक घेणारा माणूस तिथे म्हणे पक्षाचाच असतो, हे खरे का?’ तुम्हीही विचारलेत, म्हणून या वेळी सविस्तर लिहिते.

हो, खरे आहे. मी मिशिगन राज्यात राहते आणि येथील निवडणूक यंत्रणेच्या सर्वोच्च अधिकाऱ्याला सेक्रेटरी ऑफ स्टेट म्हणतात. वॉशिंग्टनमधले याच नावाचे पद परराष्ट्रमंत्र्याचे, त्याच्याशी याचा काही संबंध नाही. राज्याचा हा अधिकारी दर चार वर्षांनी लोकांच्या मतांनी निवडून येतो, पक्षाच्या अधिवेशनात त्याला उमेदवारी मिळते, त्याच्या नावापुढे मतपत्रिकेवर पक्षाचे नाव छापलेले असते आणि दोन कार्यकाळांनंतर त्याला पद सोडावे लागते. फेडरल इलेक्शन कमिशन नावाची एक संस्था राजधानीत आहे खरी, परंतु ती प्रचारातल्या पैशांवर लक्ष ठेवते. मतदान घेणे हे तिचे काम नाही. आपल्याकडे राज्यघटनेच्या ३२४व्या कलमाने हे काम एका केंद्रीय आयोगाकडे सोपवले. अमेरिकेने ते राज्यांकडे ठेवले आणि राज्यांनी आपापल्या परीने त्याची वाटणी केली. इलिनॉयमध्ये याच नावाचा अधिकारी वाहन परवाने देतो आणि राज्य ग्रंथालय व अभिलेखागार सांभाळतो, मात्र निवडणुका वेगळे मंडळ घेते. टेक्सास आणि पेनसिल्व्हेनियात त्याला गव्हर्नर नेमतो, मेन आणि न्यू हॅम्पशायरमध्ये विधिमंडळ निवडते, तर अलास्का आणि युटामध्ये हे पदच नाही, तिथे लेफ्टनंट गव्हर्नर हे काम पाहतो. त्यामुळे ‘अमेरिकेत कसे असते’ या प्रश्नाला एक उत्तर नाही, आणि म्हणून मी मिशिगनपुरतेच बोलते.

येथील बहुतेकांना या कार्यालयाची ओळख निवडणुकीमुळे नव्हे, तर गाडीमुळे होते. नव्याने आलेला मराठी मुलगा पहिल्या महिन्यात जिथे वाहन चालवण्याचा परवाना काढतो, ते कार्यालय याच अधिकाऱ्याचे. आरटीओ, मतदार नोंदणी आणि नोटरीची नेमणूक एकाच छपराखाली आहे अशी कल्पना करा. परवान्यावरचा पत्ता आणि मतदार यादीतला पत्ता एकच असला पाहिजे, असा मिशिगनचा कायदा आहे. परवान्याचा पत्ता बदलला की यादीतलाही बदलतो. परवाना आणि मतदार नोंदणी यांची सांगड घालण्याचे श्रेय रिचर्ड ऑस्टिन यांना जाते. १९७१पासून चोवीस वर्षे ते या पदावर होते. ते मिशिगनचे पहिले कृष्णवर्णीय सेक्रेटरी ऑफ स्टेट. १९७५मध्ये त्यांनी परवान्याच्या खिडकीवरच मतदार नोंदणीची सोय सुरू केली, आणि १९९३मध्ये तीच कल्पना राष्ट्रीय कायदा झाली. आता २०१८च्या घटनादुरुस्तीनंतर पात्र नागरिकाची नोंदणी, त्याने नको म्हटले नाही तर, आपोआपच होते.

इथे आपल्या मंडळींसाठी एक सावधगिरीची गोष्ट सांगायलाच हवी. एच-१बी किंवा ग्रीन कार्डावर असलेल्या माणसाने त्या खिडकीवर घाईघाईत मतदार नोंदणीच्या रकान्यात खूण करून सही ठोकली, तर पुढे नागरिकत्वाच्या अर्जात ‘आपण कधी मतदार म्हणून नाव नोंदवले होते का’ या प्रश्नापाशी त्याची गाडी अडते आणि वकिलाची पायरी चढावी लागते. अर्ज वाचल्याशिवाय सही करू नका, एवढेच मी प्रत्येक नवागताला सांगते.

या कार्यालयाचा जो विभाग मला स्वतःला सर्वांत आवडतो, त्याची चर्चा निवडणुकीच्या काळात कोणी करत नाही. त्याचे नाव ऑफिस ऑफ द ग्रेट सील. राज्याची मोहोर तिथे असते. पुण्यातला वडिलोपार्जित फ्लॅट विकायचा असेल आणि तुम्ही स्वतः जाऊ शकत नसाल, तर भावाच्या नावाने कुलमुखत्यारपत्र करावे लागते. ते येथील नोटरीसमोर सही करून दिले, तरी पुण्याच्या दुय्यम निबंधकाने त्या नोटरीला का मानावे? म्हणून ग्रेट सील विभाग त्या कागदाला अपोस्टिल नावाचे एक पान जोडतो. त्यात क्रमांक घातलेले दहा रकाने असतात : देश कोणता, सही कोणाची, ती कोणत्या नात्याने केली, शिक्का कोणाचा, दाखला कुठे, कधी आणि कोणी दिला, क्रमांक काय, आणि शेवटी मोहोर व सही. कुलमुखत्यारपत्रातला मजकूर खरा की खोटा, याबद्दल ते पान चकार शब्द काढत नाही. ही सही खरोखर या नोटरीची आहे आणि हा नोटरी खरोखर आमच्या नोंदीत आहे, एवढेच सांगते. भारत २००५पासून अपोस्टिलच्या आंतरराष्ट्रीय कराराचा सदस्य आहे, त्यामुळे ते पान पुण्यात चालते. मात्र कागद महाराष्ट्रात पोहोचल्यापासून तीन महिन्यांच्या आत त्यावर मुद्रांक शुल्क भरावे लागते, आणि आपली माणसे हीच मुदत विसरतात. मी घेतले तेव्हा मिशिगनमध्ये या पानासाठी एक डॉलर पडला होता. बाकीचा खर्च कुरिअरवाल्याने खाल्ला.

हे इतके सांगण्याचे कारण असे की, निवडणुकीतही हा अधिकारी मुळात हेच करतो. मत कोणाला पडले हे तो ठरवत नाही. कोणती सही कोणाची, कोणता आकडा कुठून आला आणि तो आणणाऱ्याला तो आणण्याचा अधिकार होता का, याची नोंद त्याच्याकडे असते. प्रत्यक्ष मतदान घेतात ते शहरांचे आणि टाउनशिपचे, म्हणजे ग्रामपंचायतीसारख्या स्थानिक संस्थांचे, क्लार्क. मिशिगनमध्ये असे पंधराशेहून अधिक स्थानिक क्लार्क आहेत, त्यांच्या वर ८३ काउंटींचे, म्हणजे आपल्या जिल्ह्यांसारख्या विभागांचे, क्लार्क, आणि त्यांच्यातले बरेचसे स्वतःही पक्षाच्या तिकिटावर निवडून आलेले असतात. आमच्या टाउनशिपची क्लार्कसुद्धा. सेक्रेटरी ऑफ स्टेटचे कार्यालय संपूर्ण राज्याची एकत्रित मतदार यादी राखते, क्लार्कना प्रशिक्षण देते, नियमांची पुस्तिका काढते आणि आलेले निकाल एकत्र करते. मतपेटी त्याच्या हातात येतच नाही.

नागरिक झाल्यावर मी मतदान केंद्रावर काम करण्यासाठी नाव दिले. अर्जातच ‘तुमचा पक्ष कोणता’ असा प्रश्न होता. सरकारी शाळेत निवडणुकीच्या ड्यूटीवर गेलेल्या माझ्या आईला हे सांगितले तेव्हा ती अवाक झाली. तिच्या काळात पक्षाशी संबंध आहे असा नुसता संशय आला तरी चौकशी लागली असती. येथे उलट आहे : केंद्रावर दोन्ही मोठ्या पक्षांची माणसे असलीच पाहिजेत आणि शक्य तितक्या समान संख्येने असली पाहिजेत, असा नियम आहे. मतदार अर्ज भरतो, त्याच्या नावासमोर मतपत्रिकेचा क्रमांक नोंदला जातो, तो पेनाने गोल भरून मतपत्रिका एका पुठ्ठ्याच्या वेष्टणात झाकून आणतो, एक कर्मचारी वरच्या फाडपट्टीवरचा क्रमांक ताडून ती पट्टी फाडून घेतो, आणि मग मतदार स्वतः ती मतपत्रिका यंत्रात सरकवतो. पट्टी फाटली की कोणाचे मत कोणते, हे कळण्याचा मार्ग उरत नाही, आणि तरीही कागद शिल्लक राहतो.

खरी परीक्षा रात्री आठनंतर सुरू होते. यंत्राने मोजलेल्या मतपत्रिका आणि नोंदवहीतले मतदार यांचा आकडा एक यावा लागतो. एका निवडणुकीत आमच्याकडे एकाचा फरक आला. दिवसभर उभे राहून पाय भरून आलेले असताना आम्ही सगळे पुन्हा नोंदवही उघडून बसलो. विरुद्ध पक्षाच्या आजी एकेक क्रमांक मोठ्याने वाचत होत्या आणि मी खूण करत होते. चूक केलेली म्हणून परत घेतलेली एक मतपत्रिका पाकिटात होती, पण वहीत तिची नोंद राहिली होती. ती नोंद घालून, दोघींच्या सह्या करून, पेटीला क्रमांकाचे सील लावून ती दोन वेगवेगळ्या पक्षांच्या माणसांच्या हाती रवाना केली, तेव्हा कुठे घरी जाता आले. २०१६च्या राष्ट्राध्यक्षपदाच्या निवडणुकीतील फेरमोजणीच्या वेळी डेट्रॉइटमधल्या अनेक केंद्रांवर असेच आकडे जुळले नव्हते, आणि त्या वेळच्या कायद्यानुसार अशा केंद्रांची मते पुन्हा मोजताच आली नाहीत. त्यात लबाडी होती असे नाही. दमलेली माणसे आणि अपुरे प्रशिक्षण हेच बहुतेक ठिकाणी कारण होते. पण लोकांच्या मनातला संशय असे बारकावे पाहत नाही.

निकालावर शेवटची मोहोर उमटण्याआधी तो आणखी दोन चाळण्यांतून जातो. प्रत्येक काउंटीत चार जणांचे मंडळ असते, दोन या पक्षाचे आणि दोन त्या पक्षाचे. तसेच चार जणांचे मंडळ राज्यातही असते. २०२०मध्ये बायडन यांची मिशिगनमधली आघाडी १,५४,१८८ मतांची होती, तरीही २३ नोव्हेंबरला राज्य मंडळाच्या बैठकीकडे सारा देश डोळे लावून बसला होता, कारण दोन रिपब्लिकन सदस्यांनी नकार दिला असता तर सगळे अडकले असते. त्यांपैकी एक तटस्थ राहिले आणि दुसरे, आरन व्हॅन लँगेव्हेल्डे, ‘कायद्याने मला आकडे तपासण्यापलीकडे अधिकार दिलेला नाही’ अशा अर्थाची भूमिका घेऊन होकार देऊन मोकळे झाले. त्यांच्या पक्षाने त्यांना पुन्हा त्या जागेसाठी सुचवले नाही. त्याच डिसेंबरात डेमोक्रॅट पक्षाच्या सेक्रेटरी ऑफ स्टेट जोसलिन बेन्सन यांच्या घरासमोर, लहान मुलासोबत त्या नाताळची सजावट करत असताना, शस्त्रधारी निदर्शक जमले होते. २०२२मध्ये मतदारांनी राज्यघटनाच दुरुस्त केली आणि या मंडळांचे काम केवळ कारकुनी स्वरूपाचे आहे, आलेल्या आकड्यांवर शिक्कामोर्तब करण्यापलीकडे त्यांना मुभा नाही, असे स्पष्ट लिहून टाकले.

आता तुमच्या दबक्या आवाजातल्या प्रश्नाकडे येते. पक्षाचा माणूस चालतो का? मला तो आजही खटकतो. फ्लोरिडामध्ये २०००साली तिथल्या सेक्रेटरी ऑफ स्टेट कॅथरीन हॅरिस यांनी बुश यांचा ५३७ मतांचा विजय प्रमाणित केला, तेव्हा त्या राज्यात बुश यांच्या प्रचाराच्या सहप्रमुखही होत्या. त्यांनी नियमाबाहेर काही केले की नाही यावर लोक अजून वाद घालतात. पण त्या दोन खुर्च्यांवर एकाच वेळी बसल्या होत्या, यावर वाद नाही. दुसरीकडे जॉर्जियाचे सेक्रेटरी ऑफ स्टेट ब्रॅड रॅफेन्सपर्जर हे रिपब्लिकन. २ जानेवारी २०२१ रोजी त्यांच्याच पक्षाच्या राष्ट्राध्यक्षांनी त्यांना फोन करून ११,७८० मते शोधायला सांगितली, कारण बायडन यांची आघाडी ११,७७९ची होती. राज्यातल्या सुमारे ५० लाख मतपत्रिका त्याआधीच हातांनी मोजून झाल्या होत्या, आणि रॅफेन्सपर्जर त्या मोजणीवर ठाम राहिले. ठाम राहता आले, कारण कागद होता.

पद पक्षाचे असले तरी मिशिगनमध्ये त्याच्या हाताखालचा निवडणूक विभाग कायमस्वरूपी सेवकांचा आहे. ख्रिस्तोफर थॉमस १९८१ ते २०१७ या काळात त्या विभागाचे संचालक होते, आणि या काळात त्यांच्या वरच्या खुर्चीत एक डेमोक्रॅट आणि तीन रिपब्लिकन बसून गेले. आपल्याकडच्या चांगल्या सनदी अधिकाऱ्याची आठवण व्हावी अशी ही कारकीर्द आहे. निवडणूक प्रमुखाची नेमणूक करायची झाली तर मी डोळे मिटून आपल्याकडची पद्धत निवडेन. महाराष्ट्राचा मुख्य निवडणूक अधिकारी प्रचाराच्या व्यासपीठावर दिसू शकत नाही, ही लहान गोष्ट नव्हे. मात्र येथील एक गोष्ट मला आपल्याकडे हवी आहे. मिशिगनच्या सेक्रेटरी ऑफ स्टेटला निवडणुकीची तारीख एका दिवसानेही पुढे ढकलता येत नाही. नोव्हेंबरातल्या पहिल्या सोमवारनंतरचा मंगळवार म्हणजे तोच मंगळवार. मुंबई महापालिकेची मुदत मार्च २०२२मध्ये संपली आणि मतदानाला जानेवारी २०२६ उजाडला. त्यात राज्य निवडणूक आयोगाचा दोष किती, न्यायालयीन लढ्याचा किती आणि सरकारच्या सोयीचा किती, हे तुम्ही माझ्यापेक्षा जास्त जाणता.

एवढ्यावरही मिशिगनमध्ये एक भोक उरतेच. बेन्सन यांनी जानेवारी २०२५मध्ये गव्हर्नरपदासाठी उमेदवारी जाहीर केली. म्हणजे ज्या निवडणुकीची यंत्रणा त्यांच्या हाताखाली, त्याच निवडणुकीत त्या स्वतः उभ्या. जॉर्जियात रिपब्लिकन सेक्रेटरी ऑफ स्टेट ब्रायन केम्प यांनी २०१८मध्ये नेमके हेच केले, तेव्हा डेमोक्रॅट मंडळींनी आकाशपाताळ एक केले होते. आता आमच्या राज्यात त्यांतले पुष्कळ जण गप्प आहेत. मी बेन्सन यांना मत दिलेले आहे आणि त्यांच्या कामाबद्दल माझी तक्रार नाही. तरीही उमेदवारी जाहीर केल्याच्या दिवशीच निवडणुकीचे अधिकार विभागाच्या संचालकाकडे सोपवणे कायद्याने सक्तीचे असावे, असे माझे मत आहे, आणि तसे मी आमच्या भागाच्या आमदाराला लिहूनही कळवले आहे. उत्तर छापील आले, खाली सही मात्र शाईची होती.